मामांच्या डोक्यावरची विमानं

आमच्या बेटावर नियम फार नाहीत. दुसऱ्याच्या खाडीत मासे धरायचे नाहीत, दुसऱ्याच्या डुकराला नावं ठेवायची नाहीत, आणि सरदाराच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर जाऊ द्यायचं नाही. पहिले दोन नियम लोक सवडीने पाळतात. तिसऱ्यावर सगळं बेट चालतं.

सरदार म्हणजे माझे मामा, तोवेसेई. ते माचावर बसले की आमचं काबुलुवा गाव वाकून चालतं. ते उभे राहिले की गावाला जरा बरं वाटतं, कारण मामा ताडमाड उंच आहेत. ते आडवे झाले तर मात्र लोकांना सरपटावं लागतं, म्हणून मामांना दुपारच्या झोपेची सवय नाही याबद्दल गाव पूर्वजांचे आभार मानतं.

आमच्याकडे गादी बापाकडून येत नाही, मामाकडून येते. बाप हा घरातला एक प्रेमळ पाहुणा. मी, केनावाई, मामांच्या एकुलत्या बहिणीचा एकुलता मुलगा. तेव्हा एक ना एक दिवस हे सगळे लोक माझ्यापुढे वाकणार होते. मला घाई नव्हती. पाठ सरळ ठेवायचा सराव मात्र मी करत होतो, घरी कुणी नसताना.

मग लढाई आली आणि तिच्यामागून डिमडिम आले. डिमडिम म्हणजे गोरे. हे ऑस्ट्रेलियाचे होते, उघडेबंब, अर्ध्या चड्ड्यांतले, आणि त्यांना सपाट जमीन हवी होती. आमचं बेट चटईसारखं सपाट आहे, त्यामुळे शोधाशोध झाली नाही. त्यांनी नारळाची झाडं पाडली, पोवळ्याचा दगड कुटून पांढरीफेक धावपट्टी केली आणि विमानं आणली. मिशनच्या शाळेत मी डिमडिमांची भाषा शिकलो होतो. शिकताना तिचा काही उपयोग होईल असं मास्तरांनाही वाटलं नव्हतं. आता मी दुभाषा झालो. पगार तंबाखूच्या कांड्यांत.

ती विमानं ब्यूफोर्ट जातीची होती. रोज सकाळी ती बॉम्ब घेऊन समुद्रापलीकडे रबौलला जात, तिथल्या जपान्यांच्या अंगावर टाकत आणि परत येत. दुपारी जपानी आमच्याकडे येत, बॉम्ब टाकत आणि परत जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डिमडिम याला युद्ध म्हणत. आमच्या म्हाताऱ्यांना मात्र हा प्रकार पाहताक्षणी कळला. आम्हीही होड्या घेऊन लांबच्या बेटांवर जातो, शंखाच्या बांगड्या देतो, शिंपल्यांच्या माळा आणतो, आणि दिलेलं कधी ना कधी परत यायलाच हवं, घेतलं त्याहून जरा सरसच. त्यामुळे ज्या दिवशी जपान्यांचे बॉम्ब कमी पडत, त्या दिवशी म्हातारे सुपारी चावत तोंड वाकडं करत. ''सकाळी एवढं दिलं पोरांनी, आणि हे बघा. कंजूष मेले.''

उडणंही आम्हाला नवीन नव्हतं. आमच्याकडे काही बायका उडतात. अंग घरात चटईवर ठेवतात आणि अंगाशिवाय बाहेर पडतात. मेलेल्या माणसांची आतडी खातात असंही म्हणतात. कोण उडतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि कुठलीही बाई कधी कबूल करत नाही. माझ्या आईबद्दलही कुणी बोलत नसे. ती कुणाच्या दारात गेली की त्या घरातली सगळ्यात चांगली सुपारी आपोआप बाहेर यायची, इतकंच.

डिमडिमांमध्ये आम्हाला चमत्कारिक वाटलं ते हे, की पुरुष उडत होते, आणि तेही एवढा आवाज करून. पहिलं विमान गेलं तेव्हा आई कोनफळं सोलत होती. तिने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

''एवढा बोभाटा करून जायचं,'' ती म्हणाली, ''तर चालत जावं माणसाने.''

आता धावपट्टीचं असं होतं, की आमचा वारा आग्नेयेचा आणि विमानाला वाऱ्याकडे तोंड करूनच उठावं लागतं. त्यामुळे प्रत्येक विमान उठायचं ते थेट मामांच्या घरावरून. मामांनी आधी लक्ष दिलं नाही. डोक्यावरून कावळे जातात, वटवाघळं जातात, त्यांना कोण वाका म्हणणार? सगळं सुरळीत चाललं असतं. घोटाळा केला क्लेमने.

क्लेम हा विमानांचा मेकॅनिक. लाल केस, सोललेलं नाक, आणि मनाने इतका चांगला की त्याला गप्प कसं बसायचं ते कधी शिकावंच लागलं नव्हतं. एकदा तो गावात अंडी घ्यायला आला. मामा माचावर होते, आणि शेजारच्या ओलिवेसी गावचा सरदार मोसाग्वा त्यांच्यापुढे वाकून उभा होता. मोसाग्वाचं घराणं आमच्यापेक्षा एका पायरीने खाली, आणि ही पायरी त्याच्या गुडघ्यांना फार लागायची.

मामांनी सहज विचारलं, ''या विमानांना खायला काय घालता?''

''तेल,'' क्लेम म्हणाला. ''आणि आत चार माणसं असतात, ती डब्यातलं मांस खातात.''

मी भाषांतर केलं. करायला नको होतं.

''आत माणसं असतात?'' मामा म्हणाले. ''प्रत्येकात?''

''चार-चार.''

''उभी असतात?''

''छे, बसलेली,'' क्लेमने अभिमानाने सांगितलं. ''प्रत्येकाला वेगळी खुर्ची आहे.''

तेवढ्यात दुपारची गस्त घालायला एक विमान उठलं आणि आमच्या डोक्यावरून गेलं. मामांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की ते विमान बघत नव्हते. ते विमानाच्या आत, चार खुर्च्यांवर टेकलेली चार ढुंगणं बघत होते.

मोसाग्वाही तेच बघत होता. मग तो हळूहळू, एकेक मणका मोजावा तसा, सरळ झाला.

''तोवेसेई,'' तो म्हणाला, ''रोज सकाळी तुमच्या डोक्यावरून एवढी ढुंगणं जातात. त्यात माझ्या एका डोक्याने काय बिघडणार आहे?'' आणि सरळ चालत निघून गेला.

क्लेमने मला विचारलं, ''काय म्हणाला तो?''

''म्हणाला, उकडतंय फार.''

हे साधं नव्हतं. कोनफळांचा हंगाम तोंडावर आला होता. हंगामात सगळी गावं आपली उत्तम कोनफळं वाजतगाजत आणून सरदाराच्या कोठारापुढे रचतात. ज्याच्या दारात कोनफळं पडतील तो सरदार. न पडतील तो एक उंच म्हातारा, आणि त्याचा वारस हा एका उंच म्हाताऱ्याचा भाचा. तिकडे मोसाग्वाने ओलिवेसीत नवीन कोठार बांधायला घेतलं, मामांच्या कोठारापेक्षा हातभर उंच. आमच्या गावातसुद्धा लोक आता मामांसमोर वाकायचे, पण कंबर दुखत असल्यासारखे.

मामांनी आधी माच उंच करून घेतला. मग माचावर माच बांधला. मग सरळ नारळाच्या झाडावर फळ्या ठोकून वर जाऊन बसले, न्याहारी करून चढायचे ते शेवटचं विमान परत येईपर्यंत. खालून दोरीने सुपारी जायची, वरून दोरीने हुकूम यायचे. विमानं तरीही वरूनच जायची. फक्त आता मामांना ती जवळून दिसायची.

''मामा, खाली या,'' मी खालून ओरडलो. ''इथून पडलात तर?''

''पडलो तर तू सरदार होशील. तुला काय चिंता?''

''आत्ता सरदार होऊन काय करू? कुणी वाकतच नाहीये.''

हे त्यांना पटलं असावं. ते खाली आले आणि त्यांनी संप पुकारला.

जपान्यांच्या बॉम्बने धावपट्टीला खड्डे पडत, ते बुजवायचं काम आमची माणसं करत. मामांनी सांगितलं, माझ्या डोक्याचा निकाल लागेपर्यंत एकही खड्डा बुजणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जपान्यांनी नेहमीप्रमाणे परतफेड केली, त्या दिवशी बऱ्यापैकी सढळ हाताने. संध्याकाळी डिमडिमांचा मुख्य, पेंबर्टन साहेब, स्वतः आमच्या गावात आला. बारीक मिशी, झोप न झालेले डोळे, हातात चहाचा मग. हा माणूस चहाचा मग हातात घेऊनच जन्मला असावा.

''यांना काय हवंय?'' त्याने मला विचारलं.

''साहेब, विमानांनी बाजूने जावं.''

''वारा बदलून द्या, जातो.''

मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, वारा बदलणारा म्हातारा गेल्या वर्षी वारला.

''मग वैमानिकांनी जाताना वाकावं,'' मामा म्हणाले.

पेंबर्टन साहेबाने घोटभर चहा घेतला. मिनिटभर विचार करून तो म्हणाला, ''ठीक आहे. वाकतील.'' आणि खरोखर त्याने तसा हुकूम काढला. सकाळी खड्डे चुकवत उठलेल्या प्रत्येक विमानातली चारही माणसं मामांच्या घरावरून जाताना माना खाली घालायची. एकाचं कपाळ कसल्याशा दांडीवर आपटून फुटलं. पण खालून काही दिसेना. मामांना पुरावा हवा होता.

''विमानानेच वाकावं,'' मामा म्हणाले. ''नाक खाली करावं. म्हणजे गावाला दिसेल.''

''त्यांना सांग,'' साहेब म्हणाला, ''उठल्या उठल्या विमानाचं नाक खाली केलं तर आम्ही थेट त्यांच्या मांडीवर येऊन बसू.''

मी सांगितलं.

''मांडीवर चालेल,'' मामा म्हणाले. ''मांडी डोक्याच्या खालीच असते.''

साहेबाने उरलेला चहा माचाच्या कडेला ओतून दिला. आपली सहनशक्ती संपली की तो असं करायचा, हे मला पुढे कळलं.

शेवटी डोकं मीच चालवलं. आता वाटतं, थोडं कमी चालवलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, ''साहेब, विमानं खाली येऊ शकत नसतील तर मामांना वर न्या. एकदा ते सगळ्यांच्या वरून गेले, मोसाग्वाच्या कोठाराच्या वरून गेले, की सगळे खाली आलेच.''

''हे कुठल्याच नियमात बसत नाही,'' साहेब म्हणाला.

''साहेब,'' क्लेम म्हणाला, ''धावपट्टीवर एवढे खड्डे आहेत, की नियमही नीट उतरणार नाहीत.''

साहेबाने खड्ड्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. इंजिन दुरुस्त करून चाचणीला निघालेल्या एका विमानातून मामांना फिरवून आणायचं ठरलं, साहेब स्वतः चालवणार. त्या बदल्यात खड्डे आधी बुजवायचे. ते दुपारपर्यंत बुजले.

पुढचा प्रश्न, मामांनी बसायचं कुठे. विमानाच्या नाकात काचेची छान जागा होती, पण ती वैमानिकाच्या खुर्चीपेक्षा खाली. मामा आत डोकावले, वैमानिकाच्या खुर्चीकडे बघितलं आणि बाहेर आले. मग क्लेमने पाठीवरचा काचेचा घुमट दाखवला. तिथे बंदूकवाला बसायचा, आणि सगळ्या विमानात त्याचं डोकं सर्वांत वर. मामांना जागा पसंत पडली. क्लेमने आधी त्यातल्या दोन्ही बंदुका काढून घेतल्या, कारण मामांनी विचारलं होतं, की मोसाग्वाचं कोठार इथून किती लांब पडेल.

मामा आले ते काकाकुव्याची पांढरी पिसं डोक्यात खोचून, कमरेला शंखांचा पट्टा, हातात सुपारीबरोबर खायच्या चुन्याचा भोपळा. घुमटात शिरताना पिसं वाकली. क्लेमने ती आतून एकेक सरळ करून दिली, एखाद्या नवरीची वेणी सारखी करावी तशी. मी मामांच्या पायाशी, विमानाच्या पोटात, गुडघे छातीशी घेऊन बसलो. बाजूला तळहाताएवढी खिडकी होती.

विमान उठलं तेव्हा मला कळलं, की या लोकांना रोज सकाळी हे करायला तंबाखूच्या किती कांड्या मिळत असतील याचा माझा अंदाज साफ चुकलेला आहे. सगळं थरथरत होतं, दातसुद्धा. तेलाचा आणि जुन्या घामाचा वास येत होता. कुणीतरी पत्र्यावर टोकदार कशानेतरी बायकोचं नाव कोरलेलं होतं आणि त्यावरच हात ठेवून मी देवाचं नाव घेत होतो, मिशनच्या आणि आमच्या देवांपैकी जो मोकळा असेल त्याचं.

आम्ही ओलिवेसीवर गेलो. खिडकीतून मला मोसाग्वाचं नवीन कोठार दिसलं. मोसाग्वा स्वतः छपरावर बसून गवत बांधत होता. साहेबाने विमान असं खाली घेतलं की मोसाग्वा छपरावर पालथा पडला आणि त्याने दोन्ही हातांनी छप्पर धरलं. समोरून कोठार झोकात होतं, पण मागच्या बाजूला गवत कमी पडलं असावं, तिथे एक भलंमोठं भोक तसंच राहिलं होतं. खालून चालणाऱ्याला ते कधी दिसलं नसतं.

वर मामा खूश झाले आणि आनंदाच्या भरात सुपारीची पिचकारी मारली. घुमटाची काच बंद असते हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मग विमान वळलं, उंच गेलं, आणि एकदम सगळं बेट दिसलं. पांढरी धावपट्टी, थोडी झाडं, थोडी गावं, आणि चहूकडून पाणीच पाणी. मामांनी काचेवरची लाली हाताने पुसून पाहिलं. मग खाली वाकून त्यांनी माझ्या कानात ओरडून विचारलं, ''केना, आपलं हे एवढंच आहे होय?''

''हो मामा.''

''कुणाला सांगू नकोस.''

आम्ही उतरलो तेव्हा क्लेम धावत आला. आतून लालभडक झालेला घुमट बघून तो ओरडला, ''गोळी लागली! स्ट्रेचर आणा!'' चौघे जण स्ट्रेचर घेऊन आले. मामांना ही स्वागताची पद्धत वाटली. ते स्ट्रेचरवर बसले आणि म्हणाले, ''जरा वर धरा.''

दोन दिवस मामा हवेतच होते. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ते रस्त्याने जातात तेव्हा सगळीकडे आल्याचा वास येतो. गावातला जो तो आल्याचा तुकडा चघळत होता. पोरं आयांच्या मागे लपत होती. आलं कशावर उतारा म्हणून चालतं हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत आहे. उडणाऱ्या बायकांवर.

हे पसरवलं मोसाग्वाने. छपरावरून उतरल्या उतरल्या त्याने लोकांना विचारलं होतं, ''डिमडिमांचं सोडा, ते कसेही वागतात. पण आपल्यात उडतं कोण? बायका. मग तोवेसेई कोण झाला?'' आणि मग आणखी एक प्रश्न, ''असल्या माणसाच्या दारात तुम्ही तुमची कोनफळं ठेवणार? आणि पुढच्या वेळी तुमच्या घरात कुणी मेलं, तर आतडी कोण खाणार?''

मामा माचावर बसून होते. पिसं काढून ठेवली होती. ''मी सगळ्यांत वर जाऊन आलो,'' ते मला म्हणाले, ''आणि आता मी बाई आहे. केना, तुझं डोकं तू पुन्हा चालवू नकोस.''

मी घरी गेलो. आई जेवायला वाढत होती. दुसऱ्या दिवशी गावं कोनफळं घेऊन निघणार होती. मी तिला सगळं सांगितलं: विमान, पिचकारी, स्ट्रेचर, मोसाग्वा छपरावर पालथा, मागचं भोक. माझं म्हणणं एवढंच होतं, की झालं ते सगळं विनोदी होतं. आई हसली नाही. आमच्याकडे बहीण भावाबद्दल बोलत नाही, तो समोर आला की वाकून बाजूला होते. तिने फक्त विचारलं, ''भोक केवढं?''

मी हातांनी दाखवलं. तिने माझ्या पानात आणखी एक कोनफळ घातलं.

सकाळी सगळी गावं आली. काबुलुवाच्या अलीकडे रस्त्याला फाटा आहे, एक वाट आमच्याकडे, एक ओलिवेसीला. तिथे लोक थांबले. खांद्यांवर कोनफळं, रंगवलेली, शंखांनी सजवलेली, काही तर माणसाच्या पायाएवढी. पण पाय कुठल्याच वाटेला लागेनात. सगळ्यांच्या तोंडात आलं. फाट्याच्या मधोमध मोसाग्वा उभा, ताठ. आमच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर मामा माचावर, खांबासारखे. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. हाक मारली असती आणि कुणी आलं नसतं, तर तिथेच संपलं असतं. मी मामांच्या मागे उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझी पाठ सरळ ठेवायला जड जात होतं.

तेवढ्यात आई आली. नेहमीसारखी वाकून, भावाच्या माचाला वळसा घालून, फाट्यापर्यंत गेली. आणि तिथे ती सरळ उभी राहिली.

मी माझ्या आईला बाहेर कधी सरळ उभी पाहिलीच नव्हती. ती मामांएवढीच उंच होती.

''कोण म्हणतं माझा भाऊ उडला?'' ती म्हणाली.

लोकांनी मोसाग्वाकडे पाहिलं.

''त्याला उडता येत नाही. तो पुरुष आहे, त्याला धड झाडावरून उतरता येत नाही. त्याला मी नेलं.''

तोंडातलं आलं चावायचंही लोक विसरले. हे आजवर आमच्या बेटावर कुठल्या बाईने म्हटलं नव्हतं. ज्यांच्याबद्दल शंभर टक्के खात्री आहे त्यांनीही नाही.

मोसाग्वा म्हणाला, ''नेलं तर डिमडिमांच्या विमानाने. चालवत होता तो चहावाला.''

''आणि चहावाला रोज कुणाला विचारून उडतो?'' आईने विचारलं. ''तो आला काल-परवा. मी वर कधीपासून आहे, तुझ्या आजीला विचारलं असतंस तर तिने सांगितलं असतं.''

सकाळची विमानं तेव्हाच उठली. दहा-बारा होती, एकामागून एक आमच्या डोक्यांवरून आली. आईने मान वर केली नाही. तिने फक्त हाताने 'जा, जा' केलं, अंगणातल्या कोंबड्यांना करावं तसं, आणि विमानं डावीकडे वळून समुद्राकडे गेली. ती रोज तिथेच वळतात. पण रोज तिथे कुणी हात करत नाही.

''ही माझी माणसं आहेत,'' आई म्हणाली. ''माझी माणसं माझ्या भावाच्या घरावरून पहारा देत जातात, तर तुम्हाला त्यांची ढुंगणं दिसतात!'' मग ती मोसाग्वाकडे वळली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, ''मोसाग्वा, कोठार झकास बांधलंयस रे बाळा. पण मागच्या अंगाने छपराला हे एवढं भोक आहे. पावसाआधी बुजवून घे. वरून फार वाईट दिसतं.''

तिने हातांनी दाखवलं. माप अगदी बरोबर होतं.

मोसाग्वाचा रंग उतरला. त्या भोकाबद्दल त्याला एकट्यालाच माहीत होतं, निदान त्याची तशी समजूत होती. त्याचे गुडघे वाकले, मग कंबर, आणि मग तो पुरताच जमिनीवर गेला. त्याच्या मागोमाग सगळा रस्ता खाली गेला, कोनफळांसकट. मी काही बोललो नाही. वारसाला योग्य वेळी गप्प बसता आलं पाहिजे.

त्या वर्षी मामांच्या कोठारापुढे कोनफळांचा एवढा ढीग पडला, की मागचं घर दिसेना. काही मोसाग्वाने स्वतः वाहून आणली.

दुपारी क्लेम आला. अंडी घ्यायला नाही. टोपी हातात घेऊन तो आमच्या अंगणात उभा राहिला. धावपट्टीवरच्या आमच्या माणसांनी त्याला सकाळची सगळी हकिकत सांगितली होती.

''केना,'' तो म्हणाला, ''सकाळी गेलेलं टेरिलचं विमान अजून आलं नाही. बाकीची आली. तेल केव्हाच संपलं असणार.'' तो जमिनीकडे बघत होता. ''तुझ्या आईला विचार, तिला... काही दिसतंय का.''

''क्लेम, अरे...''

''माहितीये मला. तरी विचार.''

मी विचारलं. आईने क्लेमच्या सोललेल्या नाकाकडे पाहिलं, मग आभाळाकडे. तिने चटई ओढली, त्याला शेजारी बसवलं, सुपारी फोडून दिली. दोघं आभाळाकडे बघत चावत बसले. क्लेमला सुपारी सोसत नाही, पण त्या दिवशी त्याने तक्रार केली नाही.

''म्हणून कुणी कबूल करत नसतं,'' आई मला हळूच म्हणाली. ''मग लोक विचारायला येतात.''

टेरिल उन्हं कलल्यावर आला, विमानाने नाही, शेजारच्या बेटावरच्या कोळ्यांच्या होडीतून, ओला, शिव्या देत. त्याला धरून चौघांतले तिघंच होते. चौथ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. क्लेम उठला, आईच्या पायाशी तंबाखूच्या दोन कांड्या ठेवल्या आणि धावत किनाऱ्याकडे गेला. त्याचे दात लाल झाले होते.

तेव्हापासून आईला रोज सकाळी उठून धावपट्टीच्या टोकाला जाऊन बसावं लागतं. तिने हात केल्याशिवाय वैमानिक निघायला तयार नसतात. पेंबर्टन साहेबाने हे नियमात कसं बसवलं मला माहीत नाही, पण तिच्यासाठी एक चहाचा मग ठेवलेला असतो. विमानं गेली की ती वर न बघता बसून राहते, आणि परत येताना एकेक मोजते. जितकी गेली तितकी आली नाहीत तर त्या दिवशी ती जेवत नाही. ''आवाज तरी कमी करायला शिका मेल्यांनो,'' एवढं मात्र रोज म्हणते.

मग ती घरी निघते. वाटेत मामांचा माच लागतो. भावासमोर बहिणीने वाकायचं असतं, म्हणून ती वाकते. पण तिच्याआधीच मामा माचावरून उतरून वाकलेले असतात. ते खाली गेलेले दिसले की ती आणखी खाली जाते, ती गेली की ते. दोघांपैकी कुणालाच आधी सरळ व्हायचं नसतं. डोक्यावरून एखादं उशिरा निघालेलं विमान निघून जातं, तरी दोघं तशीच, नाक जमिनीला टेकेपर्यंत.

आणि दोघांच्याही खाली राहायचं म्हणून मी मागून सरपटत येत असतो.